कारवर उन्हात दिसणारी ती गोल जाळी कुठून येते? आणि ती घालवताना नेमकं काय झिजतं?

कार सावलीत उभी असते तेव्हा चकचकीत दिसते. तीच उन्हात काढली, किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली थांबली, की बॉनेटवर बारीक रेषांची गोल जाळी दिसू लागते. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणावं तशी. गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर विचारायलाच नको.

या रेषांना 'स्वर्ल मार्क्स' म्हणतात. वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या गाडीवरही त्या असतात. कुणीतरी मुद्दाम ओरखडे काढले असावेत, सोसायटीतल्या मुलांचा चेंडू लागला असावा, असे तर्क लढवले जातात. प्रत्यक्षात या जाळीचं कारण बहुतेक वेळा रोज सकाळी गाडीवरून फिरणारं फडकं असतं.

ती घालवण्यासाठी बाजारात भरपूर पर्याय आहेत. रबिंग-पॉलिश, पेंट करेक्शन, सिरॅमिक कोटिंग अशा पाट्या प्रत्येक शहरात दिसतात. इंटरनेटवर टूथपेस्टपासून खोबरेल तेलापर्यंतचे उपाय सांगणारे व्हिडिओ आहेत. यातले काही उपाय खरंच चालतात, काही फक्त चालल्यासारखे वाटतात.

पैसे देण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ओरखडा काढणं म्हणजे तो भरून काढणं नव्हे. आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं, म्हणजे ओरखडा काढणं. आणि हा थर केसाच्या जाडीपेक्षा पातळ असतो. एकदा झिजला की परत येत नाही.

कारच्या रंगात किती थर असतात?

कारखान्यात पत्र्याचा सांगाडा आधी रसायनांनी स्वच्छ करतात आणि प्रायमरच्या मोठ्या टाकीत बुडवतात. विजेच्या प्रवाहामुळे हा प्रायमर कानाकोपऱ्यांत जाऊन चिकटतो. गंज रोखणं हे त्याचं काम. त्यावर सहसा पृष्ठभाग एकसारखा करणारा दुसरा प्रायमर येतो. मग रंगाचा थर, म्हणजे बेस कोट. आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट.

आपल्याला दिसणारा लाल, पांढरा किंवा करडा रंग बेस कोटचा असतो. चमक मात्र क्लिअर कोटची. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारे घटकही या पारदर्शक थरात असतात.

हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ही जाडी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते आणि एकाच गाडीवरही सगळीकडे सारखी नसते. दाराच्या कडा, बॉनेटवरच्या उठावदार रेषा अशा ठिकाणी थर पातळ असतो.

स्वर्ल मार्क्स या क्लिअर कोटच्या अगदी वरच्या भागात असतात. त्यांची खोली मोजकेच मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असते. म्हणूनच ते काढता येतात. आणि म्हणूनच ते काढताना हात आखडता ठेवावा लागतो.

मग ही जाळी गोलच का दिसते?

गाडी गोल गोल पुसल्यामुळे गोल रेषा पडतात, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गाडी सरळ रेषेत पुसली तरी जाळी गोलच दिसते.

स्टीलचं जुनं ताट ट्यूबलाइटऐवजी एखाद्या बल्बखाली धरून पाहा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोलाकार रेषा दिसतील. ताट हलवलं की ती वर्तुळंही सरकतील. म्हणजे ताटावर वर्तुळं कोरलेली नाहीत. त्यावर सगळ्या दिशांना जाणारे हजारो बारीक चरे आहेत. त्यातले जे चरे प्रकाशाच्या वाटेला आडवे असतात, तेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतात. असे सगळे चकाकणारे तुकडे मिळून दिव्याभोवती वर्तुळ तयार झाल्याचा भास होतो. कारच्या रंगावरही हेच होतं.

ढगाळ दिवशी किंवा सावलीत प्रकाश सगळीकडून येतो, त्यामुळे हे चरे लपतात. ऊन, मोबाइलचा टॉर्च किंवा एलईडी दिवा असा एकाच ठिकाणाहून येणारा प्रकाश त्यांना उघडं पाडतो. वापरलेली गाडी घेताना ती उन्हात बघावी, असं जाणकार सांगतात त्यामागचं हे एक कारण.

काळ्या गाडीवर जास्त चरे पडतात असंही नाही. गडद रंग स्वतः फारच कमी प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे चऱ्यांवरून विखुरलेला थोडासा प्रकाशही उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवर तेवढेच चरे असले तरी आजूबाजूच्या उजेडात ते हरवतात.

ओरखडे येतात कुठून?

थोडक्यात उत्तर: धूळ आणि दाब.

रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह्‌स मापपट्टीवर क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे. साधी काच त्याहून मऊ असते आणि क्लिअर कोट तर काचेपेक्षाही बराच मऊ. गाडीवर नुसती बसलेली धूळ काही बिघडवत नाही. तिच्यावर फडकं दाबून फिरवलं की प्रत्येक कण पटाशीसारखा काम करतो.

आपल्याकडे हे रोज घडतं. अनेक सोसायट्यांमध्ये गाड्या पुसायला महिन्याच्या बोलीवर माणूस ठेवलेला असतो. एका बादलीत, एका फडक्याने, सकाळच्या दोन-तीन तासांत दहा-पंधरा गाड्या उरकायच्या असतात. पहिल्या दोन गाड्यांनंतर ते पाणी गढूळ होतं आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर आधीच्या गाड्यांची माती फिरते. दोष त्या माणसाचा नसतो. मिळणारे पैसे, मिळणारं पाणी आणि मिळणारा वेळ यात दुसरं काही बसत नाही.

याशिवाय काही नेहमीची कारणं:

- कोरडं फडकं किंवा पिसांचा झाडू: ऑफिसला निघताना घाईत मारलेला हात. पाणी नसल्याने धूळ थेट रंगावर घासली जाते.
- कव्हर: धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घातलं आणि वाऱ्याने ते फडफडत राहिलं, की आतली धूळ दिवसभर घासते.
- वॉशिंग सेंटरचा स्पंज: चाकं, दाराखालचा चिखल आणि बॉनेट, सगळ्याला एकच स्पंज.
- ब्रशचं यंत्र: आधीच्या गाडीची माती ब्रशच्या केसांत अडकलेली असते.
- सणाची पूजा: दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकू आणि झेंडूचा हार असतोच. दुसऱ्या दिवशी वाळलेलं कुंकू कोरड्या कापडाने खरडून काढलं की चरे पडतात. आधी पाणी ओतून ते भिजू दिलं तर हा प्रश्न येत नाही.

उन्हाळ्यातली बांधकामांची धूळ, पावसाळ्यातला चिखल, कोकणातल्या रस्त्यांची तांबडी माती, या सगळ्यांचा मुक्काम शेवटी फडक्यावरच असतो.

ओरखडा किती खोल आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

कुठल्याही दुकानात जाण्याआधी गाडी धुऊन तीन साध्या तपासण्या करता येतात.

पहिली, पाण्याची. ओरखड्यावर थोडं पाणी टाका. ओला असताना तो पूर्ण दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच असण्याची शक्यता मोठी. कारण पाणी त्या चरीत भरतं आणि प्रकाशाला वळवण्याचा त्याचा गुण हवेपेक्षा क्लिअर कोटच्या जवळचा असतो. त्यामुळे प्रकाश विखुरत नाही. गाडी धुताना नवी दिसते आणि वाळल्यावर जुनी, ते याचमुळे.

दुसरी, नखाची. ओरखड्यावरून आडवं नख हलक्या हाताने फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने फरक पडेल. नख स्पष्ट अडकत असेल तर ओरखडा पूर्ण घालवण्याचा हट्ट महागात पडू शकतो.

तिसरी, रंगाची. ओरखड्यात गाडीच्या रंगापेक्षा वेगळा रंग, पांढरट किंवा करडा, दिसत असेल तर तो प्रायमर असू शकतो. धातूची चमक किंवा तांबूस गंज दिसला तर ओरखडा पत्र्यापर्यंत गेला आहे. अशा ठिकाणी पॉलिशचा उपयोग नाही, तिथे रंगच भरावा लागतो.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. बंपरवर दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग लागलेला असतो तेव्हा तो खोल ओरखड्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो वर चिकटलेला असतो आणि थोड्या पॉलिशने निघून येतो. त्यामुळे बंपर रंगवायचा निर्णय घेण्याआधी तो भाग साफ करून बघितलेला बरा.

पॉलिश केल्यावर ओरखडा जातो, म्हणजे नेमकं काय होतं?

ज्यांच्या घरी जुनी मोझॅक फरशी आहे, त्यांना हे पटकन समजेल. फरशीवर चरे पडले की मशीन आणून ती घासतात. चरे बुजवले जात नाहीत. सगळी फरशीच थोडी खाली जाते आणि चऱ्यांचा तळ हाच नवा पृष्ठभाग होतो.

कारवर हेच काम अतिशय बारीक प्रमाणात होतं. कंपाउंड आणि पॉलिशमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण, सूक्ष्म कण असतात. कंपाउंडचे कण जास्त कापतात, पॉलिशचे कमी. मशीनवरचं पॅड हे कण रंगावर फिरवतं आणि क्लिअर कोट समान पातळीवर येतो. आधी कंपाउंडने चरे काढायचे, मग कंपाउंडने सोडलेला धूसरपणा पॉलिशने घालवायचा, हा नेहमीचा क्रम. जाळी फिकी असेल तर कंपाउंडची गरजच पडत नाही.

हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंडमध्ये त्याहून जास्त. आकडा छोटा वाटतो. पण हिशेब ३५ ते ५० मायक्रॉनचा आहे आणि त्यातला मोठा भाग उन्हापासून संरक्षणासाठी शिल्लक राहायला हवा. दर दिवाळीला जोरदार रबिंग करून घेतलेली गाडी काही वर्षं सुंदर दिसते. पुढे टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे पडतात आणि क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागतात. उन्हाचा मारा तिथेच सर्वांत जास्त असतो. पापुद्रे सुटल्यावर पॉलिशचा उपाय उरत नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

पॉलिश करताना कापडावर गाडीचा रंग उतरायला लागला तर ताबडतोब थांबायला हवं. जुन्या एकथरी रंगाच्या गाड्यांवर असं होणं स्वाभाविक आहे. क्लिअर कोटच्या गाडीवर मात्र त्याचा अर्थ वरचा थर संपला, असा होतो.

मशीनचेही दोन प्रकार आहेत. रोटरी मशीनचं पॅड एकाच अक्षाभोवती फिरतं. ते वेगाने कापतं, पण एका जागी थांबलं तर रंग तापतो आणि कडेवर क्षणात थर जाऊ शकतो. घाईत केलेल्या रोटरी कामानंतर उन्हात लांबट, सरकणाऱ्या धुरकट पट्ट्या दिसतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. म्हणजे जुनी जाळी गेली आणि नवी नक्षी आली. ड्युअल अॅक्शन मशीनचं पॅड फिरताना डोलतंही, त्यामुळे उष्णता कमी होते आणि चुकीला वाव कमी राहतो. वेळ मात्र जास्त लागतो.

पॉलिशनंतर दोन महिन्यांत चरे परत का दिसतात?

याची दोन कारणं असू शकतात. एक, गाडी पुन्हा त्याच फडक्याने पुसली गेली. दुसरं, चरे मुळात गेलेच नव्हते.

ग्लेझ, काही प्रकारची वॅक्स आणि अनेक 'वन स्टेप' पॉलिश चऱ्यांमध्ये तेल किंवा मेणासारखे पदार्थ भरतात. पाण्याने जे काही मिनिटांसाठी होतं, तेच यांनी काही आठवड्यांसाठी होतं. चार-सहा वेळा गाडी धुतली की भरलेला पदार्थ निघून जातो.

भरणं वाईट आहे असं नाही. थर न झिजवता गाडी चांगली दिसते, लग्नासाठी किंवा विक्रीच्या फोटोसाठी ते पुरेसं असतं. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा 'करेक्शन'चे पैसे घेऊन फक्त भरलं जातं. हे ओळखायचा सोपा मार्ग आहे. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग हलकेच पुसला की तेलकट पदार्थ निघतो. त्यानंतर टॉर्चच्या उजेडात जे दिसेल ते खरं काम. चांगले कारागीर हे स्वतःहून करून दाखवतात.

टूथपेस्ट आणि खोबरेल तेलाचं काय?

टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खरखरीत कण असतात. त्यामुळे अगदी हलका चरा तिने कमी होऊ शकतो. पण ते कण गाडीच्या रंगासाठी बनवलेले नसतात. ते किती कापतील याचा नेम नाही आणि गडद गाडीवर घासलेल्या जागी धूसर डाग राहण्याची शक्यता असते. गाडीसाठीचं पॉलिश सहज मिळत असताना हा प्रयोग करण्यात अर्थ नाही.

तेल फक्त चरीत भरतं. चार दिवस चरा लपतो. त्यावर धूळ मात्र छान चिकटते, आणि मग ती पुसायला पुन्हा फडकं येतं.

भांडी घासायचा साबण चरे पाडत नाही, पण आधी लावलेलं वॅक्स उतरवतो. भांड्यांची घासणी मात्र गाडीच्या आसपासही नको.

घरी करून बघायचं असेल तर?

एक-दोन हलके ओरखडे असतील तर मशीनशिवायही काम होतं.

१. गाडी धुऊन पूर्ण स्वच्छ करा. रंगावर हात फिरवल्यावर खरखर जाणवली तर क्ले बार नावाची चिकणमातीसारखी वडी पाण्याच्या किंवा लुब्रिकंटच्या मदतीने हलकेच फिरवा. रंगात रुतलेले कण ती ओढून घेते. वडी जमिनीवर पडली तर ती फेकून द्या.

२. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला थंड लागायला हवा. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळतं.

३. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आणि कडांवर मास्किंग टेप लावा. पॉलिश प्लास्टिकवर बसलं की पांढरे डाग पडतात.

४. सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करा. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब घेऊन हातभर चौकोनातच काम करा. आधी आडवं, मग उभं.

५. स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि टॉर्च लावून बघा. फरक पुरेसा असेल तर तिथेच थांबा. नसेल तरच एक पायरी वर चढा.

६. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावा. उघड्या पडलेल्या ताज्या पृष्ठभागाला त्याची गरज असते.

मॅट रंगाच्या गाडीवर यातलं काहीही करू नये. मॅट पृष्ठभाग घासला की तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो परत मॅट करता येत नाही.

दुकानात गाडी देताना काय विचारायचं?

काम सुरू होण्याआधी रंगाची जाडी मोजणार का, हा पहिला प्रश्न. पेंट थिकनेस गेज हे छोटं यंत्र पत्र्यावरच्या एकूण थरांची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतं. पण क्लिअर कोट किती आणि बाकीचे थर किती, हे साधं गेज वेगळं सांगत नाही. तरीही एखादा भाग आधीच खूप घासला गेलाय का, किंवा पुन्हा रंगवलेला आहे का, याचा अंदाज येतो. गाडीवर इतरत्र १२० मायक्रॉन आणि एका दारावर २५०, तर ते दार नंतर रंगवलेलं असण्याची शक्यता दाट. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे हे नेहमीचं गेज चालत नाही.

दुसरा प्रश्न, आधी छोट्या भागावर करून दाखवणार का. प्रत्येक गाडीच्या क्लिअर कोटची कठीणता वेगळी असते. त्यामुळे अनुभवी कारागीर आधी एका चौकोनावर प्रयोग करतात आणि मग पॅड, पॉलिश ठरवतात.

तिसरा प्रश्न, किती पायऱ्यांचं काम आहे आणि किती तास लागतील. संपूर्ण कारचं बहुपायरी करेक्शन दोन तासांत होत नाही. त्याला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो. तासाभरात सगळे ओरखडे गायब करण्याचं आश्वासन मिळालं तर ते बहुधा भरून दाखवण्याचं आश्वासन असतं.

आणि चौथी गोष्ट, गाडी ताब्यात घेताना ती उन्हात उभी करून बघायची. दुकानाच्या छताखाली नाही.

सिरॅमिक कोटिंगमुळे ओरखडे थांबतात का?

पूर्ण थांबत नाहीत. सिरॅमिक कोटिंग हा साधारणपणे सिलिकावर आधारित, अतिशय पातळ थर असतो. त्यावर पाणी टिकत नाही, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. घाण सहज निघाली की कमी घासावं लागतं, म्हणून चरेही कमी पडतात. फायदा खरा आहे, पण तो असा वळणाने येतो.

जाहिरातींमध्ये '९एच' कठीणता असं लिहिलेलं असतं. हा ९ मोह्‌स मापपट्टीवरचा नाही. ही पेन्सिलची चाचणी आहे. वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली थरावर ओढून बघतात आणि ९एच ही त्यातली सगळ्यात कठीण पेन्सिल. पेन्सिलीने चरा पडत नाही, म्हणून वाळूनेही पडणार नाही असं नव्हे.

शिवाय कोटिंग पारदर्शक असतं. त्याखाली आधीची जाळी राहिली तर ती तशीच दिसत राहते. म्हणून कोटिंगआधी पॉलिश करतात आणि बिलातला मोठा खर्चही अनेकदा या पॉलिशचा असतो.

पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ, हा वेगळा प्रकार आहे. पॉलियुरेथेनची ही पारदर्शक फिल्म क्लिअर कोटपेक्षा कितीतरी जाड असते, त्यामुळे लहान खडे आणि हलके ओरखडे ती स्वतःवर झेलते. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे ऊन किंवा गरम पाण्याने आपोआप बुजतात. खर्च मात्र बराच असतो. म्हणून काही जण फक्त बॉनेट, पुढचा बंपर आणि दाराच्या हँडलमागचा भाग एवढ्यालाच फिल्म लावतात.

आपोआप बुजणाऱ्या रंगाचा प्रयत्न कार कंपन्यांनीही केला आहे. जपानच्या निसानने निप्पॉन पेंटच्या साथीने असा लवचिक क्लिअर कोट तयार करून २००५ मध्ये जाहीर केला होता. पण बहुतेक गाड्यांवर अजूनही साधाच क्लिअर कोट असतो.

खोल ओरखडा असेल तर विमा घ्यावा का?

ओरखडा प्रायमर किंवा पत्र्यापर्यंत गेला असेल तर तो उघडा ठेवू नये. विशेषतः समुद्राजवळच्या दमट, खारट हवेत गंज लवकर धरतो. छोटा ओरखडा असेल तर कंपनीच्या कलर कोडप्रमाणे मिळणारा टचअप रंग बारीक ब्रशने भरता येतो. तो पूर्ण लपत नाही, पण गंज थांबतो. मोठा ओरखडा असेल तर तो भाग डेंटिंग-पेंटिंगला द्यावा लागतो.

इथे विम्याचा हिशेब करायला हवा. सलग क्लेम न केल्यास मिळणारा नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जातो. ही सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर असते. एका दाराच्या रंगासाठी क्लेम केला की, वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर, साधारणपणे हा बोनस शून्यावर येतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममध्ये १,००० रुपये आणि त्यावरच्या कारला २,००० रुपये स्वतःला भरावे लागतात. त्यामुळे एका पॅनलच्या कामासाठी क्लेम करण्याआधी दोन्ही रकमा शेजारी मांडून बघाव्यात. रोजच्या पुसण्याने आलेली जाळी ही झीज मानली जाते, ती विम्यात बसत नाही.

जाळी पुन्हा येऊ नये म्हणून काय करता येईल?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडी कमी पुसणं. रोज पुसलेली गाडी जास्त काळ नवी राहते, हा समज रंगाच्या बाबतीत उलटा ठरतो. आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी रोज फडकं मारलेल्या गाडीपेक्षा चांगली राहते.

धुताना आधी भरपूर पाण्याने सुटी माती वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक कार शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचा मिट साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, कारण सर्वांत जास्त माती खाली असते. चाकांचं कापड वेगळं ठेवायचं.

सोसायटीत पाइप लावायला बंदी असेल किंवा उन्हाळ्यात पाणीकपात असेल तर रिन्सलेस वॉश हा पर्याय आहे. बादलीभर पाण्यात ते द्रावण मिसळतात. त्यात भिजवलेल्या अनेक मायक्रोफायबर कापडांनी एकेक भाग पुसत जायचं आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ बाजू वापरायची. चिखलाने माखलेल्या गाडीला ते चालत नाही. रोजच्या धुळीला चालतं.

गाडी पुसायला माणूस ठेवलेला असेल तर त्याला आपल्या गाडीसाठी वेगळी मायक्रोफायबर कापडं द्यावीत. रोज फक्त काचा आणि आरसे पुसायला सांगावं आणि रंगाला हात आठवड्यातून एकदाच, तोही भरपूर पाण्याने. पैसे तेवढेच ठेवले तर कुणाचं नुकसानही होत नाही.

आणि जी जाळी फक्त पेट्रोल पंपाच्या दिव्याखालीच दिसते, ती तशीच राहू दिली तरी चालतं. क्लिअर कोटवरचे हलके चरे गंज आणत नाहीत, गाडीचं आयुष्य कमी करत नाहीत. ते घालवायचे असतील तर एकदा, सौम्य पॉलिशने आणि पुसण्याची पद्धत बदलल्यानंतर घालवावेत. आधी पॉलिश आणि मग तेच जुनं फडकं, असं चाललं तर दर वर्षी पैसेही जातात आणि थरही.